लेथच्या मागून वाचलेले आकडे

अहो, आता तरी पुरतं ऐकून घ्या. तीस वर्षांत आपलं एकही भांडण तुम्ही शेवटपर्यंत जाऊ दिलं नाहीत. मी मुद्द्यावर आले की तुम्ही उठायचात आणि शेडमधल्या त्या लोखंड कातायच्या लेथचं बटण दाबायचात. त्या घरघरीत कोण काय बोलणार! गेल्या आठवड्यात तुम्ही गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन झालं. माझी मेढ्याची माणसं, तुमची साताऱ्याची माणसं, सगळी आपापल्या एसटीनं परत गेली. शेडला कुलूप आहे. आता मध्येच उठून बटण दाबायला तुम्ही नाही, तेव्हा मी बोलणार आहे.

त्या दिवशी लोक तुमच्याबद्दल भरभरून बोलले. कारखान्यातले तुमचे जुने सोबती आले होते. मिस्त्रींच्या हातात जादू होती, नजर कशी घारीसारखी, केसाचा फरक लांबून ओळखायचे, असं एकामागून एक सांगत होते. मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. रडत होते म्हणून नव्हे, हसू येईल म्हणून. गेली तीन वर्षं त्या नजरेला माप घ्यायच्या व्हर्निअरवरची एक रेघ धड दिसत नव्हती, हे त्या मंडपात एकट्या मलाच माहीत होतं.

आणि त्याच मंडपात, खुर्च्या गोळा करता करता, दिनकर भाऊजींनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "वैनी, लेथचं एक गिऱ्हाईक हाय सांगलीचं. रविवारी बघाय येतंय. दादा गेलं, आता ते चालवणार कोण?" तुमचा धाकटा भाऊ वाईट नाही हो. शेडमध्ये लोखंड गंजत पडण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडावं, एवढंच त्यांच्या मनात. पण मी हातातली खुर्ची तिथंच टेकवली. तुम्हाला नेलं तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. लेथ मात्र मी असं जाऊ देणार नव्हते. फक्त "चालवणार कोण?" या प्रश्नाला तिथं मंडपात उत्तर द्यायची माझी हिंमत त्या क्षणी झाली नाही.

ती रेघ दिसेनाशी झाल्याचं तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, बरं का. मला ते शोधून काढावं लागलं. कवठे महांकाळचे बापू फवारणीच्या पंपाचा शाफ्ट घेऊन आले होते. बेअरिंग घट्ट बसलं पाहिजे, असलं नाजूक काम. असलं काम घेऊन लोक तासगावातली बाकी दुकानं ओलांडून आपल्या पत्र्याच्या शेडपर्यंत यायचे. आणि तुम्ही म्हणालात, "आता येळ न्हाई, बापू." बापू गेल्यावर तुम्ही दिवसभर ट्रॉलीच्या पिना करत बसलात, ज्या कुणीही कराव्यात. शनिवारची सकाळची शाळा करून मी लवकर आले होते. बघते तर तुम्ही व्हर्निअर दाराच्या उजेडात धरलाय, मग बल्बजवळ नेलाय, मग डोळे मिटून अंगठ्याच्या नखानं रेघा चाचपताय. मी म्हटलं, "दिसत नाही ना?"

"दिसतंय की. उजेड कमी हाय."

भर दुपार होती. उन्हानं पत्रा तडतडत होता. साखरेनं तुमचे डोळे खाल्ले होते आणि तुम्ही उजेडाला बोल लावत होता. त्या दिवशी मला तुमचा इतका राग आला, आणि इतकी माया आली, की मी सरळ आत जाऊन चहा टाकला.

त्या दिवाळीला सदा आला. फौज सोडून माझा भाऊ मुंबईला नोकरीला लागला होता. तिथं फुटपाथवर घड्याळं आणि कॅलक्युलेटर विकणाऱ्याकडं त्याला एक चिनी डिजिटल व्हर्निअर दिसला, तो त्यानं तुमच्यासाठी आणला. रेघा वाचायच्या नाहीत, जबड्यात वस्तू धरली की छोट्या काचेवर आकडा उमटतो. मोठ्या कारखान्यांत लेथलाच असे आकडे दाखवणारी यंत्रं बसवलेली असतात, पण ती आपल्या अख्ख्या लेथपेक्षा महाग. हा मात्र स्वस्तातला, प्लॅस्टिकच्या डबीतला. तुम्ही तो उलटासुलटा केलात आणि म्हणालात, "खेळणं हाय. पोरास्नी द्या." आणि मग संध्याकाळभर तुम्ही काय काय मोजलंत! माझी बांगडी, कपाचा कान, चकलीची जाडी, तुमची साखरेची गोळी. आकडे हरभऱ्याएवढे होते. डोळ्याजवळ धरून तुम्ही ते वाचत होता आणि मी स्वयंपाकघरातून बघत होते. किती महिन्यांनी तुम्ही स्वतः काही वाचलं होतं!

पण कातायचा जॉब मोजता आला म्हणजे काम झालं असं नाही. लेथवर कापायचं टूल किती पुढं सरकवलं, ते हँडलच्या डायलवर बघायचं, आणि तिथं पुन्हा त्याच मुंगीच्या पायाएवढ्या रेघा. शिवाय आपलं लेथ जुनं. स्क्रू झिजून त्यात इतका प्ले आलेला, की हँडल अर्धा आटा मोकळंच फिरायचं. मी म्हटलं, "हा व्हर्निअरच लेथला बांधला तर? टूलची स्लाइड जेवढी सरकेल तेवढा आकडा दिसेल. हँडल किती का मोकळं फिरेना."

"बांधायचा म्हंजी जबडं कापाय लागणार. चांगली वस्तू कापायची?"

तीन आठवडे तुम्ही या एका वाक्यावर अडून बसलात. मग एक दिवस मी शाळेत असताना, माझी खोड मोडायची म्हणून, तो तुम्ही ग्राइंडरवर धरलात. पोलाद तापलं, त्यावर चिकटवलेली आकड्यांची पट्टी पापडासारखी वर उचलली गेली आणि काचेवर नुसते आठच आठ दिसायला लागले. मी आले तेव्हा तुम्ही चक्क खुशीत होता. म्हणालात, "झालं तुजं डिजिटल." मी पिशवीतलं पेन काढलं. सदाला पोस्टकार्ड टाकलं: अजून दोन पाठव.

दुसऱ्या वेळी मी उभी राहिले. पट्टीवर ओलं फडकं गुंडाळलं, वर तळवा ठेवला आणि सांगितलं, माझ्या हाताला चटका लागला की थांबायचं. पाच वेळा थांबलात. पट्टी इतकी कडक की ड्रिल तिच्यात घुसेना, म्हणून तुम्ही अँगलच्या तुकड्याचे दोन चिमटे बनवलेत. ते बनवताना तुमची कुरकुर बंद झाली होती, हे मी पाहिलं. पुढच्या बाजूला तापलेले कीस उडतात म्हणून व्हर्निअर स्लाइडच्या मागं बसवला. त्याच्यावर झाकण म्हणून तुमच्याच छातीच्या एक्स-रेची फिल्म कापून लावलीत, तुमची एक बरगडी अजून तिथं दिसते. बटणाएवढा सेल पंधरा दिवसांत संपायचा, बंद ठेवला तरी. मग मी भिंतीवरच्या घड्याळाचा पेन्सिल सेल तारेनं जोडला आणि पावडरीच्या रिकाम्या डब्यात बसवला. तुम्ही त्याला बाईंचं पॉवर हाऊस म्हणायचात. पाण्याचा थेंब उडाला की आकडे अंगात आल्यासारखे नाचायचे. तेव्हा माझ्या जुन्या साडीचं फडकं कामाला यायचं.

सगळं झाल्यावर कळलं, की आकडा भिंतीकडं तोंड करून बसलाय. हँडलपाशी उभ्या माणसाला तो दिसतच नाही. तुम्ही कमरेवर हात ठेवून विचारलंत, "आता वाचणार कोण?"

"मी," मी म्हटलं.

पहिल्याच दिवशी मी काय दिवे लावले ते आठवतंय ना? बापूंना निरोप पाठवून तुम्ही तो पंपाचा शाफ्ट परत मागवला होता. बत्तीस मिलिमीटरचा बार, तीसचा करायचा. तुम्ही विचारलंत, "किती काढायचं?" मी म्हटलं, "दोन." तुम्ही कट घेत राहिलात, मी मागून वाचत राहिले, आणि काचेवर दोन आले तेव्हा ओरडले, "थांबा!" शाफ्ट मोजला तर अठ्ठावीस. तुमच्या लेथच्या डायलवर व्यासाचे आकडे होते, तिथं दोन म्हणजे व्यास दोननं कमी. माझा व्हर्निअर बिचारा स्लाइड सरकली तेवढंच खरं सांगत होता, आणि स्लाइड एका बाजूनं एक सरकली की व्यास दोननं उतरतो. वीस वर्षं पोरांना त्रिज्या आणि व्यास शिकवणारी मी! तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, शाफ्टकडं पाहिलंत, आणि स्टुलावर बसून खोकला येईपर्यंत हसलात. "बाई, नापास!" म्हणालात. चूक तुमचीही होती, मध्ये एकदा थांबून मोजायला हवं होतं. पण तुम्ही मला एक शब्द लावला नाहीत. नवा बार काढलात आणि पुन्हा सुरुवात केलीत. मी भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं, "निम्मे". "लेथची शाळा केलीस," असं म्हणालात खरं, पण पुसलं नाहीत.

तेव्हापासून शाळा सुटली की मी लेथच्या मागं. पॉइंट ऐंशी, पॉइंट साठ, पॉइंट पन्नास, हळू, पॉइंट त्रेचाळीस, बस. आळीतल्या बायका म्हणायच्या, बाई लेथला पाढे शिकवत्यात. गिऱ्हाइकांना वाटायचं मिस्त्री आधुनिक झाले, चिनी यंत्र लावलं, बायकोला हाताशी घेतलं. बेअरिंगची कामं परत आली. तुमची मान परत ताठ झाली. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या संध्याकाळी कुठल्या, असं कुणी विचारलं तर मी त्याच सांगेन, धुरकट, तेलकट, पाय दुखणाऱ्या.

पण हँडल तुम्ही मला दिलं नाहीत.

इथं मात्र मी तुम्हाला सोडणार नाही. जयंतीला चौकात माइकवर बायकांनी शिकलं पाहिजे, पुढं आलं पाहिजे, असं सांगून तुमचा घसा कोरडा व्हायचा. मी विचारलं, मग मला शिकवा की. तर म्हणालात, "आकडा सांगतो कुटं थांबायचं. कसं जायाचं ते हात सांगतो. ते शिकवून येत न्हाई." मी म्हटलं, शिकवून येत नाही असं काही नसतं, मी शिक्षिका आहे. तुम्ही म्हणालात, कारखान्यात एकाचं बोट गेलेलं मी बगितलंय. मी म्हटलं, तो पुरुषच होता ना? तुम्ही बटण दाबलंत. किती वेळा झालं हे! आकडा मोठा की हात मोठा, हा वाद लेथच्या घरघरीत किती वेळा बुडाला! तुम्हाला भीती वाटत होती हे मला कळायचं. पण माझ्या बोटांची भीती होती, की मला जमलं तर आपल्याकडं काय उरेल याची, हे मी शेवटपर्यंत विचारलं नाही. आज विचारते. उत्तर नको.

तर रविवार. भाऊजी सकाळीच सांगलीच्या व्यापाऱ्याला घेऊन आले. जाडजूड, जुन्या मशिनरीतला मुरलेला माणूस. त्यानं शेडमध्ये येऊन लेथला हात लावला आणि लगेच हँडल हलवून दाखवलं. "आवं, प्ले बगा की. अर्दा आटा मोकळाच फिरतुया. ह्येची काय किंमत येनार?" मग वाकून मागं बघितलं. "आनि हे खेळनं काडून ठिवा. आनि चकात काय अडकलंय ते बी काडा."

चकात, जॉब पकडणाऱ्या त्या जबड्यांत, बापूंच्याच कामाचा बुश होता, बेदाण्याचे देठ काढायच्या मशीनचं पितळी कडं. बाहेरचा व्यास तुम्ही पुरा केला होता, आतलं भोक राहिलं होतं. ते राहिलं आणि सकाळी तुम्ही उठलाच नाहीत. बापू भेटायला आले तेव्हा हळूच म्हणाले होते, "बाई, त्या बुशाचं मनाव घिऊ नका. मी सांगलीत करून घितो." आणि आता भाऊजी तो सोडवायला चकाची चावी हातात घेऊन उभे होते.

"राहू द्या," मी म्हटलं. "पाच मिनिटं बसा. काम पुरं करते, मग चक मोकळा करते."

दोघांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी चुलीवर लेथ शिजवते म्हणाले. मी पदर खोचला, केसांना फडकं बांधलं, बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या. भोक पाडायचं लांब टूल बसवलं. मग लक्षात आलं, की आकडा भिंतीकडं आहे आणि मी हँडलपाशी.

"भाऊजी, मागं जा. काचेवर आकडा आहे तो मोठ्यानं वाचा."

"वैनी, हात जाईल."

"वाचा म्हणते ना."

सातवीच्या वर्गावरचा माझा आवाज निघाला असणार. भाऊजी मुकाट्यानं मागं गेले. मी बटण दाबलं. अहो, वादात पहिल्यांदा ते बटण मी दाबलं आणि तो माझ्या बाजूनं बंद झाला! भाऊजी आधी अडखळले. "पॉइंट... धा. पॉइंट पंदरा." "थांबू नका, वाचत राहा." मी निम्मे धरून चालले होते. हँडलचा प्ले मला कळत होता, मोकळा आटा संपला की हाताला भार लागायचा आणि तेव्हाच काचेवरचा आकडा हलायचा. व्यापारी स्टुलावरून उठून जवळ आला होता. शेवटच्या मापावर आले, पूर्ण फेरी मारली आणि टूल बाहेर काढलं. हँडलला हात न लावता मी तीच फेरी पुन्हा दिली.

"वैनी, आकडा तोच हाय," भाऊजी मागून म्हणाले. "हलला न्हाई."

"असू दे."

आकडा हलला नव्हता आणि तरीही आतून केसासारखा बारीक पितळी कीस येत होता. अजून एक फेरी दिली, कीस थांबला. मोजलं. बरोबर. बुश सोडवून तळव्यावर उभा धरला आणि बापूंनी नमुन्याला दिलेली पिन आत सोडली तर ती स्वतःच्या वजनानं हळूहळू खाली गेली, हवा बाहेर ढकलत. व्यापाऱ्यानं ती दोनदा वर काढून पुन्हा सोडून बघितली. मग हात पुसत म्हणाला, "बाई, इकायचं नव्हतं तर आदी सांगायचं की," आणि चहा न घेताच गेला. भाऊजी तेवढेच मागं उभे राहिले, काचेवर बोट ठेवून.

"वैनी, हे तुमी कवा शिकलासा?"

हाच प्रश्न. हा तुम्ही विचाराल म्हणून मी चार महिने वाट पाहिली.

पाय चिघळला म्हणून तुम्ही सांगलीच्या दवाखान्यात होता ते दिवस. बापूंचा पंप ऐन फवारणीत बंद पडला, एक बुश हवा होता, आणि मी त्यांना म्हटलं, रविवारी घेऊन जा, मिस्त्रींनी करून ठेवलाय. कुठला ठेवलाय! मी शेडला आतून कडी लावली आणि तो करायला घेतला. आकडा दिसावा म्हणून मागच्या भिंतीला आरसा टेकवला. त्या काचेवरचा दोन आरशात पाच दिसतो आणि पाच दोन दिसतो, हे मला पहिला बुश वाया गेल्यावर कळलं. आरसा काढून टाकला. दुसऱ्या वेळी आकडा बरोबर आला, पण भोक लहान निघालं. का ते कळेना. लहान निघालं म्हणून मी टूल अजून सरकवलं, तर ते एकदम मोठं झालं. तिसऱ्याला मी दर कटाला हँडल सोडून मागं जाऊन आकडा वाचून येत होते. आयुष्यात कुठल्या देवळाला प्रदक्षिणा घातली नाही ती मी त्या दुपारी लेथला किती घातल्या! तो मात्र बसला. वाया गेलेले दोन बुश मी भंगाराच्या डब्यात तळाशी, किसाखाली पुरले.

तुम्ही घरी आलात. बापू आले आणि दारातूनच म्हणाले, "मिस्त्री, बुश लय भारी बसला बगा." मी चहा गाळत होते. तुम्ही पायाची पट्टी सारखी केलीत आणि म्हणालात, "व्हय." बस. मला ना विचारलंत, ना रागावलात. मी मनात म्हटलं, विसरले असतील, औषधांची गुंगी असेल. आणि खरं सांगू? वाईट वाटलं. माझं काम तुमच्या नावावर गेलं याचं नाही. तुम्हाला ते तुमचंच वाटलं, याचं.

त्यानंतर तुम्ही फार बोलायला लागला होता. एरवी कट घेताना तुमचं तोंड मिटलेलं असायचं, आता सुरूच. "बग, आवाज बदलला, टूल बोथट झालं." "कीस निळा याय लागला की दम धरायचा." आणि एकदा भोक पाडताना म्हणालात, "लांब टूल लाजतं गं. पैल्या फेरीत मागं सरतं. आकडा बरुबर दिसतो पन भोक ल्हान ऱ्हातं. हँडलला हात लावायचा न्हाई, तीच फेरी परत द्याची." मी मागं उभी राहून कंटाळत होते. वाटलं, दवाखान्यातून आल्यापासून स्वारीला बडबडायची सवय लागली.

रविवारी भाऊजी गेल्यावर टूल ठेवायला मी तुमचा खण उघडला. तुमच्या चांगल्या टूलचा, ज्याला कुणी हात लावायचा नाही तो. कोपऱ्यात फडक्याची पुरचुंडी होती. सोडली तर माझे दोन वाया गेलेले बुश. धुऊन, पुसून ठेवलेले. डोळ्यांनी तर तुम्हाला ते सापडले नसणार. भंगाराच्या डब्यात हात घालून, बोटांनी चाचपून, कुठला किती चुकलाय ते तुम्ही ओळखलं होतंत. दुसरा का चुकला तेही. आणि मग चार महिने माझ्याकडं न बघता, हवेशी बोलल्यासारखं, तुम्ही मला शिकवत होतात.

मी तिथंच स्टुलावर बसले आणि मोठ्यानं रडले. आणि रडता रडता तुमच्यावर ओरडलेसुद्धा. अहो, एक शब्द बोलला असतात तर! "जमलं गं तुला" एवढं म्हणायला काय लागत होतं? तुमच्या तोंडून ते ऐकायला मी हँडल आयुष्यभर तुमच्याकडं राहू दिलं असतं. पण मीही कुठं बोलले? पुढं येऊन सांगायचं होतं, मी केला म्हणून. आपण दोघंही एका बुशावर चार महिने तोंड दाबून बसलो आणि मग तुम्ही निघूनच गेलात. तुमचं म्हणणं खरं होतं, आकडा सगळं सांगत नाही. माझं म्हणणंही खरं होतं, शिकवून येतं. तुम्हीच ते करून दाखवलंत.

काल बापू आले. बुश मी पेपरात गुंडाळून ठेवला होता. त्यांनी तो उन्हात धरला, आत बोट फिरवलं, पिन सोडून बघितली. डोळे भरून आले त्यांचे. म्हणाले, "मिस्त्रींनी जाता जाता करून ठिवला व्हय?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तुमच्या आठवणीला साजेसं झालं असतं, बापूंनी तो बुश देवघरात ठेवला असता.

"बाहेरून त्यांनी केलाय," मी म्हटलं. "आतून मी. आणि फवारणीच्या वेळचा, तो अख्खा माझा होता, बापू. ते दवाखान्यात होते."

बापूंनी बुश पुन्हा एकदा उलटासुलटा करून बघितला. खोटं पकडल्यासारखं मला ऊन लागायला लागलं. मग त्यांनी बुश पिशवीत टाकला, बाहेर गाडीपर्यंत गेले आणि एक झिजलेला शाफ्ट खांद्यावर टाकून परत आले. तो माझ्या पायाशी ठेवून म्हणाले, "मग ह्यो कवा देशीला?"

"गुरुवारी," मी म्हटलं. "शाळा सुटल्यावर या."

तुमच्या नावावर गेलेला तो एक बुश मी काल परत घेतला, रागावू नका. बाकीचं सगळं तुमचंच आहे.